पूर्ण शाकाहारी आहे, सोलापुरात राहतो, वजन ६२ किलो, वाढवायचंय. ट्रेनर पावडरचा डबा घे म्हणतो, घरचे नको म्हणतात. जिमसाठी प्रोटीन शेक घ्यावाच लागेल का?

घ्यावाच लागेल असं नाही, पण घेतला तर काही बिघडतही नाही. 'डब्याशिवाय काही होत नाही बे' म्हणणारा तुमचा ट्रेनर आणि 'किडनी जाईल' म्हणणारे घरचे, दोघंही ताणून बोलतायत.

प्रश्नात दिवसभराचं जेवण लिहिलंत ते बरं केलंत. सकाळी सुशीला किंवा पोहे, दुपारच्या डब्यात दोन भाकरी, भाजी, शेंगाचटणी, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री भाकरी-भात-आमटी. मी जुळे सोलापुरात राहते, आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि ताट जवळपास हेच. गेली काही वर्षं मी वजनं उचलते, त्यामुळे या ताटाचा हिशोब मला तोंडपाठ आहे. आधी तो मांडू.

सुशीला म्हणजे चुरमुरेच, वरून मूठभर शेंगदाणे पडले तरी पाचेक ग्रॅम प्रथिनं. ज्वारीच्या पिठात शंभराला दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे भाकरीमागे सहा-सात. दोन भाकरी, भाजी, दोन चमचे चटणी मिळून दुपारी वीस-पंचवीस. चहातल्या दुधाचे दोन-तीन. रात्री वीस. दिवसाची बेरीज पन्नास ग्रॅमच्या आसपास.

आता गरज किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलंय. तुमच्या वजनाला ते होतात ५१. म्हणजे जिमला जात नसता तर आहे ते ताट चाललं असतं. पण नियमित वजनं उचलणाऱ्यासाठी क्रीडा-पोषणातले लोक किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सांगतात, आणि १.६ च्या पुढे स्नायू वाढण्यात फारसा फरक पडत नाही असं २०१८ मधल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलं. १.६ धरले तर तुम्हाला साधारण १०० हवेत. खड्डा पन्नासेक ग्रॅमचा. तो कशाने भरायचा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

सोलापूरकराचं पहिलं उत्तर ठरलेलं: शेंगा खा की! इथे जरा थांबा. शेंगदाण्यात शंभराला पंचवीस ग्रॅम प्रथिनं आहेत हे खरं, पण त्याच शंभरात जवळजवळ निम्मं तेल आहे. उखळात चटणी कुटताना शेवटी शेवटी मुसळाला जे लालभडक तेल सुटतं, ते वरून घातलेलं नसतं, दाण्यातलंच असतं. पंचवीस ग्रॅम प्रथिनांसाठी शेंगदाण्यातून साडेपाचशेच्या वर कॅलरी पोटात जातात; तेवढीच प्रथिनं पावडरीच्या एका स्कूपमधून सव्वाशे कॅलरीत मिळतात. तुम्ही बारीक आहात आणि वजन वाढवायचंय, त्यामुळे तुम्हाला शेंगा चालतील. पोट कमी करायला जिमला येणाऱ्याने मात्र पीनट बटरचा डबा 'प्रोटीन' म्हणून चाटू नये. शेंगदाणा ही गळिताची जात आहे, डाळ नव्हे.

खरी गळती आमटीत आहे. आपल्याकडे रोजची आमटी पातळ, भाकरी चुरायला रस्सा हवा म्हणून. वाटीत डाळ शोधावी लागते. सुक्या तुरीत शंभराला बावीस ग्रॅम आहेत, पण वाटीत जर पंधराच ग्रॅम डाळ असेल तर मिळणार तीन. तीच डाळ दुप्पट घालून वरण घट्ट करा. नाहीतर पिठलं: चाळीस ग्रॅम बेसनाचं पिठलं एकट्याने खाल्लं तर नऊ ग्रॅम. मटकी, हुलगे, चवळी याच पट्टीतले. शिवाय प्रथिनं ज्या अमायनो आम्लांची बनतात त्यातलं लायसिन ज्वारीत कमी असतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर; उलट डाळीत मेथिओनिन हे दुसरं आम्ल कमी, ते धान्यातून येतं. भाकरी-पिठलं ही जोडी त्या अर्थाने पक्की आहे. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही, एका दिवसात आलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट पंढरपुरी डाळं. सुशीलावर आपण ते कुटून टाकतोच. चाळीस ग्रॅम डाळं मिक्सरला बारीक करा, पाव लिटर दुधात घाला, थोडा गूळ, वेलची. सतरा-अठरा ग्रॅम प्रथिनं झाली. हासुद्धा शेकच आहे, फक्त त्याच्या डब्यावर दंड फुगवलेला माणूस नाही. सातूचं पीठ ज्यांच्या घरी होतं त्यांना हे नवीन वाटणार नाही. एक सांगते, डाळं नीट बारीक झालं नाही तर तळाशी रेती बसल्यासारखं बसतं आणि शेवटचा घोट चावून खावा लागतो.

सोयाबीनच्या वड्या सगळ्यात स्वस्त पडतात. सुक्या तीस ग्रॅम वड्यांत पंधरा ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या की तो उग्र वास बराच जातो, मग काळ्या मसाल्यात परता. रोज नको वाटतात, आठवड्यातून तीन-चारदा चालतात.

वरण घट्ट केलं, वाटीभर दही लावलं आणि डाळ्याचं दूध किंवा वड्या यातलं एक रोज ठेवलं, की तुम्ही ऐंशीच्या आसपास पोचता. नवशिक्याला तेवढ्यावरही फरक दिसतो. उरलेल्या वीस ग्रॅमसाठी एक स्कूप घ्यायचा की नाही ते तुमच्या खिशावर आणि वेळेवर आहे. मी घेते, कारण ऑफिसमधून थेट जिमला जाते आणि घरी येईपर्यंत साडेआठ वाजतात. तेव्हा वड्या भिजवत बसायचं त्राण नसतं. शेकचा मोठा गुण सोय हा आहे. दुसरा गुण ल्युसिन. स्नायू बांधणीला चालना देणारं हे अमायनो आम्ल व्हेमध्ये, म्हणजे दुधापासून केलेल्या पावडरीत, डाळीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे थोडक्यात काम होतं.

'व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात नाही घेतला तर वाया' हे मनावर घेऊ नका. दिवसाची बेरीज आणि ती तीन-चार वेळांत विभागणं याला जास्त महत्त्व आहे.

व्हे म्हणजे काय, हे घरच्यांना सांगा, निम्मी भीती जाईल. दूध फाडून पनीर गाळलं की खाली जे पिवळसर पाणी राहतं, त्याच जातीचं चीज करताना निघणारं पाणी गाळून, वाळवून ही भुकटी होते. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी मात्र डब्यावरचा हिरवा ठिपका बघावा, कारण चीजसाठी दूध गोठवायला लागणारं रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढत, काही ठिकाणी अजूनही काढतात. आता बरंचसं सूक्ष्मजीवांपासून तयार होतं. तेही नको असेल तर वाटाण्याची किंवा सोयाची पावडर आहे. चव खडूसारखी, पण काम करते.

दूध पचत नसेल, पोट फुगत असेल तर कॉन्सन्ट्रेट प्रकारच्या व्हेऐवजी आयसोलेट प्रकारचं घ्या, त्यात लॅक्टोज खूप कमी असतं. आणि दुधात न घालता पाण्यात घ्या.

किडनीचं म्हणाल तर निरोगी माणसाच्या किडनीला एवढ्या प्रथिनांनी इजा होते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण किडनीचा आजार आधीच असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो बऱ्याचदा कळत नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि लघवीची तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. पाणी भरपूर प्या. नळाला काही दिवसांआड येतं हे मला माहीत आहे, तरी प्या. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात जिम करणाऱ्याला मूतखडा पाणी कमी पडल्याने होण्याची शक्यता जास्त.

मला जास्त काळजी डब्यात काय आहे याची वाटते. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला, आणि काहींत बुरशीचं विषही सापडलं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तर आहार-मार्गदर्शिकेत अशी पावडर टाळाच असं सांगितलं. मी तितकी टोकाला जात नाही, पण जिममध्ये ट्रेनर पिशवीतून काढून देतो तो डबा घेऊ नका. त्याला त्यात कमिशन असतं, आणि सीलचं काय झालंय ते तुम्हाला कळत नाही. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच, परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता बघा. मागची बारीक अक्षरं वाचा: शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे हवीत. घटकांत ग्लायसिन, टॉरिन ही आम्लं वेगळी घातलेली दिसली तर ठेवून द्या, तो प्रथिनांचा आकडा फुगवायचा उद्योग असतो. आणि 'मास गेनर' नावाचा तीन किलोचा हंडा घेऊ नका. त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टमय भुकटी. तेवढ्या पैशात वर्षभराची ज्वारी नाही आली तरी दोन महिन्यांची नक्की येईल.

बऱ्या व्हेला किलोमागे अडीच-तीन हजार लागतात, म्हणजे स्कूपला ऐंशी-शंभर रुपये. रोज एक पुरे. सुट्टीच्या दिवशी जेवण नीट असेल तर तोही नको.

शेक घरी दुधात कालवून गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात विजापूर रोडवरून सात रस्त्यापर्यंत येईस्तोवर तो नासायच्या वाटेला लागतो. शेकरमध्ये कोरडी पावडर न्या, तिथे पाणी घाला. आणि पिऊन झाला की लगेच विसळा. झाकणाच्या खाचेत जे राहतं त्याचा वास दुसऱ्या दिवशी नुसत्या साबणाने जात नाही, सोडा लागतो.

उपवासाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सोमवार-एकादशी धरत असाल तर त्या दिवशी बेरीज कोसळते. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. त्या दिवशी दूध-दही वाढवा, भगर करा. शेक उपवासाला चालतो का, हे मात्र सासूबाईंना विचारून मी एकदाच बघितलं. 'दुधाचंच आहे ना, मग चालतंय की,' म्हणाल्या, आणि डब्यावरचं चॉकलेटचं चित्र बघून, 'पण हे नको,' असंही म्हणाल्या. तुमच्या घरचा निकाल तुमच्या घरी.

एक राहिलं. पावडर घ्या न घ्या, बी-१२ आणि डी जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. शाकाहाऱ्यांत बी-१२ कमी असणं फार दिसतं, आणि ते कमी असेल तर जिममध्ये दम लागतो, हातापायाला मुंग्या येतात, माणूस प्रोटीन वाढवत बसतो. रिपोर्ट आला की इथेच लिहा, आणि डबा घ्यायचं ठरलंच तर मागच्या लेबलचा फोटो टाका, मी बघून सांगते.