वस्तीत दवाखाना सुरू करतोयस, तर...

पहिले काही महिने औषधांपेक्षा ऐकण्यावर जास्त वेळ घाल. गोळ्या मधेच का सोडल्या, हे रागावून विचारलंस तर पेशंट परत फिरकणार नाही. बहुतेकदा दवाखान्यात यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. मी दवाखाना रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवू लागलो, तेव्हा कुठे कामकरी माणसं नियमित येऊ लागली.

ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ साली लिहिलं, की जिथे उपचारांची गरज जास्त, तिथेच ते कमी मिळतात. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात ते तक्रार नसलेल्यांचाही रक्तदाब मोजत. तूही मोज. आणि जे येतच नाहीत, त्यांची यादी आरोग्यसेविकेसोबत बसून कर. खरं काम तिथून सुरू होतं.