पाच महिन्यांचं पिल्लू अंगणातली झाडं आणि काड्या चावतं, काय करावं?

तुमचं पिल्लू जास्वंदीचे शेंडे कुरतडतंय, सरपणातल्या काड्या ओढून चघळतंय आणि रागावलं तरी ऐकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते खोडसाळपणा करत नाहीये. कुत्र्याचे दुधाचे 28 दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत कायमचे 42 येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. चावणं बंद होणार नाही, पण काय चावायचं ते तुम्हाला ठरवता येतं.

जास्वंद पुन्हा फुटेल, तिची काळजी नंतर करा. आधी कण्हेर बघा. पाणी कमी लागतं म्हणून आपल्याकडे ती दारोदारी लावलेली असते, सोबत पिवळी बिट्टीही. दोन्हींचं पान, फूल, काडी, एवढंच काय वाळलेला पालासुद्धा विषारी असतो आणि विष थेट हृदयावर जातं. झाड काढता येत नसेल तर भोवती जाळी लावा, छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका. एरंड, धोतरा, घाणेरी यांनाही हाच नियम. कुंड्यांना एरंडीची पेंड घालत असाल तर ती मात्र आजच बंद करा. कुत्रे तिच्या वासानं माती उकरून खातात आणि तिच्यात एरंडाच्या बीचं विष असू शकतं.

काड्यांचं म्हणाल तर पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या, मला सगळ्यात जास्त खटकतात. चावल्या की त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. आमच्या शेजारच्या कुत्रीची लाळ थांबेना, ती सारखी पंजानं तोंड ओरबाडत होती. जबडा उघडून पाहिलं तर बोटाएवढा पऱ्हाटीचा तुकडा वरच्या दाढांच्या मध्ये टाळूला आडवा अडकलेला. डॉक्टरांना भूल देऊनच काढावा लागला. सरपण पिल्लाचं तोंड पोचणार नाही असं रचा किंवा ताडपत्रीनं घट्ट झाका.

तोंडात काही दिसलं की मागे धावू नका. त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो आणि पुढच्या वेळी ते मुद्दाम काडी उचलून तुमच्याकडे बघतं. जागेवर बसा, हातात भाकरीचा तुकडा धरा, "सोड" म्हणा, सोडलं की लगेच द्या. घरातल्या सगळ्यांनी हाच एक शब्द वापरायचा, नाहीतर ते गोंधळतं. चावायला गार गाजर द्या, किंवा जाड सुती फडकं भिजवून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तुमच्या देखत चघळू द्या. हिरड्यांना लगेच आराम पडतो. शिजवलेली हाडं नकोत, तीही काडीसारखीच तुटतात. झाडांवर तिखट शिंपडायचा सल्ला बरेच जण देतील, ऐकू नका. डोळ्यांत गेलं तर जीव कासावीस होतो त्याचा.

आणि सकाळी ऊन चढायच्या आत त्याला भरपूर फिरवा, दिवसभर एकटं बांधून ठेवू नका. कंटाळलेलं पिल्लू काहीही चावतं.

कण्हेर खाल्ल्याचा संशय जरी आला तरी उलटीची वाट बघू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. त्या झाडाची फांदी सोबत घ्या आणि तडक जनावरांच्या डॉक्टरकडे जा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळचा दवाखाना कोणता आणि किती वाजेपर्यंत उघडा असतो ते आजच विचारून ठेवा.