७३ नंबरला तीन मार्क?

अरे,

कालच्या प्रीसीझन मॅचवरची (अमेरिकन फुटबॉलच्या NFL चा खरा सीझन सुरू व्हायच्या आधीच्या, ऑगस्टमधल्या सरावाच्या मॅचपैकी एक) आपल्या टीमच्या खेळाडूंची तुझी यादी रात्रीच वाचली. सगळ्यांना दहापैकी मार्क, शेजारी एकेक ओळीचा शेरा आणि खाली ठळक अक्षरात "यांना उद्याच काढा" म्हणून तीन जण. मॅच संपून दोन तास पण झाले नव्हते आणि तू सगळ्यांचा निकाल लावून मोकळा! हसले मी, पण वाईट अर्थाने नाही, तुझ्या वयात मी पण असंच करायची. आज सकाळी परत पूर्ण मॅच लावली आणि तुझी यादी शेजारी ठेवून बघितली. काही शेरे एकदम बरोबर आहेत, एक तर मला सुचला नसता. पण एका पोराला तू विनाकारण मारलायस, तिथूनच सुरू करते.

७३ नंबर, आपला राइट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला (पास टाकणारा) वाचवायला पुढे उभ्या पाच जणांच्या लाइनमधला अगदी उजवीकडचा. तू त्याला तीन दिलेस आणि लिहिलंस "सॅक याच्यामुळे गेला", म्हणजे पास टाकायच्या आतच क्वार्टरबॅकला पाडलं ते याच्यामुळे. तिसऱ्या क्वार्टरमधला तो प्ले परत लाव आणि या वेळी बॉलकडे बघूच नकोस. थर्ड डाऊन (दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून आठ यार्ड लागतात, क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, म्हणजे लाइनच्या काही यार्ड मागे, त्याच्या उजव्या हाताला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा). स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे दिला, की आपली लाइन बघ, पाचच्या पाच जणांचं पहिलं पाऊल डावीकडे पडतं. पाचही जण एकाच वेळी चुकत नाहीत, म्हणजे ते ठरलेलं आहे. याला स्लाइड प्रोटेक्शन म्हणतात, लाइन सगळी एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या बाजूची कड रनिंग बॅकने सांभाळायची असते. ७३ ने त्याच्या वाटणीचा आतला माणूस धरला, नीट धरला, हात समोरच्याच्या छातीवर, कोपरं अंगाला लागून, पाय शेवटपर्यंत हलते. बाहेरून जो मोकळा सुटला तो रनिंग बॅकच्या हिश्श्याचा होता आणि रनिंग बॅक काय करत होता तर समोरच्यांच्या मधल्या लाइनबॅकरकडे (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला) बघत उभा, जो ब्लिट्झला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून, येतोय असं नुसतं दाखवून मागे सरकला. बॅकने मान वळवली तोपर्यंत आपला क्वार्टरबॅक आडवा झालेला. टीव्हीवर काय दिसतं, ७३ च्या बाजूने माणूस आला, झालं, ७३ नालायक.

म्हणून लाइनमनला मार्क द्यायचे असतील तर आधी रिप्ले थांबवून लाइनची पहिली पावलं बघायची, मगच नाव घ्यायचं. तरी सुद्धा हडलमध्ये (प्लेआधी खेळाडू घोळका करतात तिथे) काय सांगितलं गेलं ते आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे शंभर टक्के कधीच नाही, ऐंशी टक्के झालं तरी मी खूश असते.

आता तुझा लाडका रिसीव्हर (पास पकडणारा), ८१ नंबर. त्याला नऊ! मान्य, चौथ्या क्वार्टरमधला तो टचडाऊन सुंदरच होता, मी पण ओरडले. पण त्याच्यासमोर कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा) कोण होता ते बघितलंस का? समोरच्या टीमचा चौथा की पाचवा कॉर्नर, जो स्वतःच या महिन्याअखेरीला घरी जाईल. प्रीसीझनचा दुसरा हाफ म्हणजे बहुतेक वेळा असे लोक एकमेकांविरुद्ध खेळत असतात ज्यांच्यातले निम्म्याहून जास्त सप्टेंबरमध्ये टीमवर नसतात. त्यात यार्ड मोजून काय कळणार? आणि डिफेन्स तरी कसला, कोणीच आपले खरे ब्लिट्झ, खरी चलाखी ऑगस्टमध्ये दाखवत नाही, साधं सरळ खेळतात, पुढच्या महिन्यातल्या शत्रूला व्हिडिओ कशाला द्यायचा. त्यामुळे आपल्या दुसऱ्या क्वार्टरबॅकला तू सात दिलेस ते पण जरा जास्तच आहेत, समोरचा डिफेन्स काय करणार हे त्याला आधीच माहीत असल्यासारखं होतं. त्याच्यात बघायचं ते वेगळंच, हडलमधून वेळेत बाहेर येतो का, पहिला रिसीव्हर झाकलेला असला तर नजर दुसऱ्याकडे जाते का घाबरून पळतो, आणि पहिल्या हाफमध्ये केलेली चूक परत करतो का.

८१ चं खरं दुखणं तर दुसऱ्या क्वार्टरमध्ये आहे आणि ते तुझ्या यादीत नाहीच. आपला पंट होता, म्हणजे बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना द्यायचा. ८१ कव्हरेजला, म्हणजे तो बॉल घेऊन पळणाऱ्या रिटर्नरला पाडायला, बाहेरच्या कडेला. पहिले वीस यार्ड जोरात पळाला, मग रिटर्नर दुसऱ्या बाजूला वळला हे बघून चक्क जॉगिंग करायला लागला. तुला वाटेल त्यात काय मोठं. अरे, टीममधला पाचवा-सहावा रिसीव्हर पास पकडायला ठेवतच नाहीत, तो पंट आणि किकऑफला धावायला असतो, पास पकडणं ही वर मिळालेली गोष्ट. कोचच्या खोलीत त्याचा टचडाऊन एकदा दाखवतील आणि ते जॉगिंग चारदा.

टेरेल डेव्हिसचं नाव ऐकलंस ना? १९९५ चा ड्राफ्ट (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो), सहावा राउंड, १९६ वा पिक, डेन्व्हरच्या रनिंग बॅक्सच्या रांगेत कुठेतरी तळाला. त्या ऑगस्टमध्ये टोकियोत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध प्रीसीझन मॅच होती आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते त्याचं किकऑफ कव्हरेजवरचं एक टॅकल (इथे टॅकल म्हणजे पाडणं), रिटर्नरला असं काही धडकला की कोच लोक सरळ होऊन बसले. रनिंग बॅकचं नशीब उघडलं ते बॉल हातात नसताना! पुढे १९९८ मध्ये त्याच माणसाने एका सीझनमध्ये २,००८ यार्ड काढले आणि २०१७ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणून म्हणते, तुझ्या यादीत स्पेशल टीम्सचा (पंट, किकऑफला खेळणाऱ्यांचा) कॉलमच नाही हे बरोबर नाही.

आता तू लगेच रिसीव्हर व्हिक्टर क्रूझचं नाव काढशील, मला माहीत आहे, काढच. २०१० चा ऑगस्ट, जायंट्स विरुद्ध जेट्स, कोणी ड्राफ्ट न केलेला पोरगा, ६ कॅच, १४५ यार्ड, ३ टचडाऊन. त्या रात्री सगळ्यांनी त्याला दहापैकी बारा दिले असतील. ते बरोबर ठरलं, पण कधी? २०१० च्या सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही कॅच नाही, दुखापतीने बाहेर बसला. २०११ मध्ये १,५३६ यार्ड, जायंट्सचा रेकॉर्ड, आणि वर सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला. म्हणजे तो चमकलेला असतो ते कधी कधी खरं असतं, नाही असं मी म्हणतच नाही. फक्त क्रूझ एक लक्षात राहतो आणि तसेच चमकून गेलेले शंभर जण आपण विसरतो. मी नाही विसरले, कारण माझ्या कपाटात त्यातल्या एकाची जर्सी आहे. असाच एक रिसीव्हर, दोन प्रीसीझन मॅच पेटून खेळला, दुकानात त्याच्या नावाची मिळेना म्हणून मी खास नाव छापून मागवली, आणि पार्सल यायच्या आत त्याला कट केलं. नाव छापलेली परत घेत नाहीत. तुझे काका आजही ऑगस्ट आला की विचारतात, यंदा कोणाची मागवतेस.

स्कोअरवरून तू जो पॅरेग्राफ लिहिलायस तो सरळ उडव, प्रीसीझनच्या निकालावरून सीझनचं काही कळत नाही. २००८ मध्ये डेट्रॉइट प्रीसीझनला ४-० होती (चार जिंकल्या, एकही हरली नाही) आणि सीझनमध्ये ०-१६. २०१७ मध्ये क्लीव्हलँड, सेम टू सेम, ४-० आणि मग ०-१६. बाल्टिमोरने २०२३ पर्यंत लागोपाठ २४ प्रीसीझन मॅच जिंकल्या, त्या सगळ्या वर्षांत एक सुपर बोल नाही. पुढे.

खरा मुद्दा आकड्यांचा आहे, म्हणजे जागांचा. कॅम्पला ९० जण असतात, सीझनला ५३ ठेवायचे. आधी हळूहळू दोन-तीन टप्प्यांत काढायचे, २०२३ पासून एकाच डेडलाइनला सगळं उरकतात, म्हणजे एका टीममधून ३७ आणि ३२ टीम्स मिळून हजाराच्या वर माणसं एका झटक्यात. त्यातले प्रत्येक टीममागे १६-१७ जण प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरते ठेवलेले राखीव) परत येतात, बाकीचे फोनची वाट बघतात. त्यामुळे "हा चांगला खेळला का" हा अर्धाच प्रश्न झाला, "हा कोणाच्या जागी राहणार" हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आपल्याकडे रिसीव्हर्स सहा राहतील, पाच तर नक्की झालेत, मग ८१ ची तुलना दहा मार्कांशी नाही, १७ नंबरशी करायची, कारण सहावी जागा त्या दोघांत आहे. आणि १७ ने पास एकच पकडला पण पंटवर पहिला पोचलेला तोच होता, दोन्ही वेळा.

त्यातही अजून एक गंमत. ज्याचे चार सीझन पूर्ण झालेले नाहीत त्याला कट केलं की तो वेव्हर्सवर जातो, कुठलीही टीम उचलू शकते. जुन्या खेळाडूंना ऑगस्टमध्ये ती भानगड नसते, ते सरळ मोकळे होतात. म्हणून कधी कधी टीम जुन्या माणसाला आधी सांगून कट करते, तरुण पोराला ५३ मध्ये लपवते आणि दोन दिवसांनी जुन्याला परत बोलावते. तू ज्या सेंटरबद्दल (लाइनचा मधला) लिहिलंस "म्हातारा, उद्याच काढा" त्याचं हेच होऊ शकतं, मग तू नाचशील माझं बरोबर आलं म्हणून आणि गुरुवारी तो परत लॉकर रूममध्ये.

"दिसलाच नाही" म्हणून सेफ्टीला (डिफेन्सचा सगळ्यात मागचा) चार दिलेस. अरे बाबा, तो एकच क्वार्टर खेळला! रुकी (पहिल्याच वर्षाचा) असून त्याला पहिल्या टीमबरोबर आत पाठवला आणि दोन सिरीजनंतर (समोरच्यांच्या दोन चढायांनंतर) टोपी घालून बाहेर बसवला, यापेक्षा मोठी शाबासकी ऑगस्टमध्ये नसते. ज्यांची जागा पक्की त्यांना कोच काचेच्या भांड्यासारखं जपतात आणि त्याला कारण आहे. १९९९ मध्ये रॅम्सचा ट्रेंट ग्रीन प्रीसीझन मॅचमध्येच गुडघा मोडून पूर्ण सीझन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला कर्ट वॉर्नर, जो कोणी ड्राफ्ट पण केला नव्हता, त्याने ४१ टचडाऊन पास टाकले आणि सुपर बोल आणला ते खरं, पण प्रत्येकाच्या बेंचवर वॉर्नर बसलेला नसतो. तर कोण कितव्या सिरीजला आत आला आणि कधी बाहेर गेला हे लिहून ठेवत जा. कोच मुलाखतीत सगळ्यांबद्दल गोडच बोलतो, कोणाला कधी पाठवतो तिथे त्याचं खरं मत कळतं.

मी स्वतः मार्क देणं कधीच सोडलंय. पहिल्यांदा मॅच नुसती बघते, आरडाओरडा करत, काही लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सात-आठच नंबर निवडते, जे काठावर आहेत असे, आणि एकेकाचे सगळे स्नॅप बघते. प्रत्येकापुढे कोणासमोर खेळला, काय काम दिलं होतं आणि कुठे शंका आहे एवढंच लिहिते. वेळ फार जातो, आठ जणांना तीन तास सहज, घरचे वैतागतात. तुला मार्क आवडत असतील तर दे, पण शेजारी "कोणासमोर" चा कॉलम टाक, बघ मग किती नऊचे सहा होतात.

आणि तुझा तो ५८ नंबरबद्दलचा शेरा, "स्क्रीन पास यायच्या आधीच हात करून बाकीच्यांना सांगत होता" (स्क्रीन म्हणजे लाइनच्या मागेच टाकलेला छोटा, फसवा पास), हे माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं. परत जाऊन बघितलं, खरंच सांगत होता, आणि पास तिथेच आला. टॅकल दुसऱ्याने केलं म्हणून स्टॅट्समध्ये त्याचं नाव पण नाही. अख्ख्या यादीतली सगळ्यात भारी ओळ ती आहे आणि तू ती कुठे तरी कोपऱ्यात कंसात टाकलीस, वर मार्क पाचच! मग ते "उद्याच काढा" कशाला मधे मधे, तो आवाज तुझा नाहीये, टीव्हीवर आरडाओरडा करणाऱ्यांचा आहे.

शनिवारी पुढची मॅच. माझा अंदाज, या वेळी ७३ ला पहिल्या हाफमध्येच पाठवतील, कदाचित डाव्या बाजूला सुद्धा, कारण राखीव टॅकलला दोन्ही कडा यायला लागतात. डावीकडे उभं राहिलं की सगळी पावलं उलटी टाकायची असतात, त्याचा मागचा पाय सरकताना घसरतो का बघ. आणि तो रनिंग बॅक, २६ की २८, तिसऱ्या डाऊनला आत असला की बॉल सोड, त्याची मान कुठे वळते तेवढंच बघ. रविवारी दुपारी फोन कर, सकाळी नको, मी मॅच बघत असेन.

मावशी