इंग्लिश नाटककार ख्रिस्तोफर मार्लोची कोणती नाटकं त्याच्या हयातीत छापली गेली?

एकच: ‘टॅम्बरलेन’, दोन्ही भाग एकत्र, १५९० साली. त्यावर लेखकाचं नावसुद्धा नाही! मे १५९३ मध्ये लंडनजवळच्या डेप्टफर्डला सुऱ्याच्या वाराने तो गेला, वय अवघं २९. बाकीचं मागाहून आलं: ‘एडवर्ड दुसरा’ आणि ‘डायडो’ १५९४ मध्ये, ‘हीरो अँड लिअँडर’ हे अपुरं काव्य १५९८ मध्ये, ‘द ज्यू ऑफ माल्टा’ची आज मिळणारी सर्वांत जुनी प्रत तर थेट १६३३ची.

सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाचं त्याचं नाटक ‘डॉक्टर फॉस्टस’ घेताना मात्र आवृत्ती बघून घ्या. १६०४ची प्रत आटोपशीर, १६१६च्या प्रतीत शेकडो ओळी जास्त. त्यात शेवटी विद्यार्थ्यांना फॉस्टसचे तुटलेले अवयव सापडतात. १६०४ मध्ये हा प्रसंगच नाही, सैतान त्याला नेतात आणि रंगमंच रिकामा होतो. पहिल्यांदा वाचणार असाल तर मी १६०४चीच प्रत सुचवेन.