नसांचे (मज्जातंतूंचे) जुनाट दुखणे असताना चालणे बंद करावे का?

बंद करू नये, मात्र किती चालायचे हे त्या दिवशीच्या बऱ्या-वाईट वाटण्यावर न सोडता घड्याळावर ठरवावे. एकदा बरे वाटले म्हणून मी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या मऊ वाळूतून तासभर चाललो आणि पुढचे तीन दिवस पोटरीत अशी आग होती की चादरीचा स्पर्शही सोसवेना. आता मी ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर दहाच मिनिटे चालतो, बसतो, जमल्यास पुन्हा दहा मिनिटे चालतो, आणि आठवडाभर हे निभावले तरच एखादे मिनिट वाढवतो. पावसाळ्यात घराच्या पडवीतल्या फेऱ्यांनाही हाच नियम लावतो.

दुखावलेली नस नवी इजा नसतानाही मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवत राहते, म्हणून साध्या वेदनाशामक गोळ्या अशा दुखण्यावर बहुधा अपुऱ्या पडतात. प्रीगॅबॅलिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे डॉक्टर देतात. ती मनाने एकाएकी थांबवू नयेत.

पायात नव्याने कमजोरी आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.