स्विच लाइट घ्यावा की स्विच ओलेड? (घरात दोन मुलं असतील तर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, दिवाळीला दोघांत मिळून एक निन्टेंडो स्विच, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल, घ्यायचा आहे. लाइट आणि ओलेड ही त्याचीच दोन मॉडेल्स. लाइट बजेटमध्ये बसतो, ओलेडला ओढाताण होते. दुकानदार म्हणतो ओलेड ‘फास्ट’ आहे. मग कोणता घ्यावा?

दोघांत एकच घेणार असाल तर लाइट घेऊ नका. ओलेड परवडत नसेल तर साधा स्विच, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला, शोधा. आमच्या घरी लाइट आणि ओलेड दोन्ही आहेत. लाइट आधी आला, ओलेड नंतर, आणि हा क्रम चुकला असं मला आजही वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानदाराचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. ओलेड फास्ट नाही. दोन्हींच्या आत एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ जातीचीच चिप आहे. हातात धरून खेळताना दोन्हींचं रिझोल्यूशन ७२० पी. तोच गेम तसाच चालतो. फरक आहे तो बाहेरच्या अंगात. लाइट सप्टेंबर २०१९ मध्ये आला, स्क्रीन ५.५ इंच, वजन २७५ ग्रॅम, कंट्रोलर अंगालाच जोडलेले. ओलेड ऑक्टोबर २०२१ चा, स्क्रीन ७ इंच, कंट्रोलर लावल्यावर वजन ४२० ग्रॅमच्या आसपास. हे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, दोन्ही बाजूंनी सरकवून काढता येतात. सोबत डॉक मिळतो, त्यात ठेवला की चित्र टीव्हीवर, १०८० पी पर्यंत. लाइट टीव्हीला जोडता येतच नाही. डॉक वेगळा विकत आणला तरी नाही, त्यात ती सोयच ठेवलेली नाही. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

आता मुलांचं. जॉय-कॉनची जोडी काढली की एकेक आडवा धरून दोन जणांना खेळता येतं. म्हणजे ओलेडच्या खोक्यात दोन मुलांचे दोन कंट्रोलर आधीच असतात. लाइटवर दुसऱ्याला खेळायचं तर जॉय-कॉन वेगळे विकत घ्या, ते चार्ज करायला लाइटवर जागा नाही म्हणून चार्जिंगची ग्रिप वेगळी घ्या. लाइटला मागे स्टँडही नाही, तो डब्याला टेकवून ठेवा. मग त्या साडेपाच इंचांत दोन खेळाडूंचे दोन तुकडे बघत बसा. हे सगळं आम्ही केलंय. टेकवलेला डबा पोह्यांचा होता आणि दर दोन मिनिटांनी लाइट पालथा पडायचा.

आम्ही लाइट घेतला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि धाकटा जेमतेम तीनचा. एकटीसाठीच घेतोय असं धरून चाललो. वर्षभरात तो बाजूला येऊन बसायला लागला आणि घरात दिवसभर एकच वाक्य ऐकू यायचं: “ताई, आता माझा नंबर.” नंबर लावणं वाईट नाही, मुलांना ते आलंच पाहिजे. पण लाइटवर ज्याचा नंबर नसतो त्याला काही दिसतही नाही. तो ताईच्या खांद्यावरून डोकावतो, तिचा हात हलतो, भांडण सुरू. टीव्हीवर खेळताना ज्याचा नंबर नाही तोही खेळात असतो, ओरडतो, “उजवीकडे, उजवीकडे!” सांगतो. हा फरक मला ओलेड आल्यावर कळला.

दुसरी गोष्ट खरेदीआधी कुणीच सांगत नाही. स्विचवर खेळाची प्रगती कन्सोलच्या आतल्या मेमरीतच साठते. कॅसेटमध्ये नाही (गेम ज्या चिमुकल्या कार्ट्रिजमध्ये येतो तिला दुकानात अजून कॅसेटच म्हणतात, मीही तेच म्हणते), मेमरी कार्डवरही नाही. अॅनिमल क्रॉसिंग नावाचा एक शांत, बेट वसवायचा गेम आहे, माझ्या मुलीचा जीव त्यात. त्याचा नियम असा की एका कन्सोलवर एकच बेट. दुसरं मूल आपल्या नावाने खेळायला लागलं तरी त्याचं घर त्याच बेटावर होतं. धाकट्याने एका दुपारी तिने महिनाभर लावलेली फुलं उपटून विकली. त्याला वाटलं तो पैसे कमावतोय. तिचं रडणं मी विसरलेले नाही. तो गेम घेणार असाल तर हे आधी माहीत असू द्या, ओलेडवरही हेच होतं. दोघांना आधी बसवून बेटाच्या सीमा ठरवून द्या.

तिसरी, दुरुस्ती. निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. इथे येतात ते बाहेरून आणलेले, त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. आणि यंत्रात सगळ्यात आधी झिजते ती स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने हलवायची छोटी दांडी. आतल्या कार्बनच्या पट्टीवर संपर्क घासून घासून झीज होते, धूळ बसते, आणि मग बोट न लावताही खेळातली गाडी एका बाजूला ओढायला लागते. ओलेडवर असं झालं तर फक्त तो जॉय-कॉन काढून दुरुस्तीला द्यायचा, किंवा नवा घ्यायचा, बाकी यंत्र घरी. लाइटमध्ये स्टिक अंगातच, म्हणजे अख्खा कन्सोल उघडावा लागतो.

आमच्या लाइटची स्टिक झिजली नाही, तुटली. डबल-डेकर पलंगाच्या वरच्या मजल्यावरून तो खाली फरशीवर पडला. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या अलीकडे एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला. या यंत्राला तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. त्याच्याकडे त्यासाठीचा खास स्क्रूड्रायव्हर होता आणि माणूस नीट काम करणारा निघाला. पण पार्ट मागवावा लागला, नऊ दिवस गेले. त्याने सहज विचारलं, “मॅडम, रिसेट मारून देऊ का, फ्रेश होईल.” मुलगी शेजारी उभी होती, ती एकदम माझा हात धरून “नाही, नाही” म्हणाली. बेट आत होतं ना. मी पावतीवर लिहून घेतलं: रिसेट करू नये. तुम्हीही दुरुस्तीला देताना हे लिहूनच घ्या. ऑनलाइन सदस्यत्व असेल तर बहुतेक खेळांची प्रगती क्लाउडवर ठेवता येते, पण या बेटासाठी तिथली व्यवस्था वेगळी आहे, ती आधीच चालू करून ठेवावी लागते. आम्ही केलेली नव्हती.

लाइटच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण तो माझ्या मुलीचा अजूनही लाडका आहे. लहान हातांना तो बरोबर बसतो. ४२० ग्रॅम पाच वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात जड होतात, मनगट खाली जातं. लाइटवर डाव्या हाताला खरं अधिक-चिन्हाचं बटण आहे, ओलेडवर चार सुटी बटणं. डेक्कन क्वीनने मुंबईला आजीकडे जाताना आम्ही लाइटच नेतो. खंडाळ्याच्या बोगद्यांत मोबाइलची रेंज गेली की डब्यातली बाकी मुलं कंटाळतात, हिचा खेळ चालू, कारण कॅसेटच्या गेमला नेट लागत नाही. एकटं मूल, टीव्हीवर आधीच आजी-आजोबांचा ताबा, प्रवास भरपूर, असं घर असेल तर मी लाइटच सुचवेन. तुमचं घर तसं नाही.

बॅटरी लाइटची ३ ते ७ तास, ओलेडची साडेचार ते ९, गेमवर अवलंबून. आमच्याकडे गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा टीव्ही बंद आणि ओलेड टेबलावर स्टँड लावून उभा. त्याचा स्टँड पाठीच्या पूर्ण रुंदीचा आणि चांगला घट्ट आहे. ओलेडचा काळा रंग खरंच काळा दिसतो, रंग उठून येतात, पण निव्वळ त्यासाठी जास्त पैसे द्या असं मी म्हणणार नाही.

बजेटसाठी मधला मार्ग म्हणजे साधा स्विच. मार्च २०१७ मध्ये आलेला, ६.२ इंचाचा, जॉय-कॉन सुटे होणारा, डॉकसकट. वापरलेला मिळतो. दोन मुलांना लागणारं सगळं यात आहे, फक्त स्क्रीन साधी एलसीडी, मागचा स्टँड अगदी चिंचोळा, आणि आतली मेमरी ओलेडच्या ६४ जीबीऐवजी ३२. २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तिची बॅटरी ओलेडइतकी चालते, आधीच्याची अडीच ते साडेसहा तास. ओळखायचं असं: खालच्या कडेवरचा सिरीयल नंबर ‘एक्सके’ने सुरू होत असेल तर सुधारित, ‘एक्सए’ने असेल तर जुना. वापरलेला घेताना विकणाऱ्यासमोर दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’ आणि त्यात ‘कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स’ उघडा. स्टिक सोडल्यावर खूण मधोमध येऊन थांबली पाहिजे, भटकायला नको. मग मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान उघडून बघा. सुरुवातीच्या काळातले बरेच स्विच लोकांनी फुकट गेमसाठी हॅक केलेले आहेत, आणि त्यातल्या ज्यांच्यावर कंपनीने बंदी घातली ते ऑनलाइन जात नाहीत. दुकान उघडलं नाही तर नमस्कार करून निघा.

स्विच २ बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तो जून २०२५ मध्ये आला, ७.९ इंच, कंट्रोलरसकट ५३४ ग्रॅम. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला आणि तुमच्या बजेटला तो झेपणार नाही. मात्र जुन्या स्विचच्या बहुतेक कॅसेट त्यावर चालतात, तेव्हा आज कॅसेटवर घातलेले पैसे पुढे वाया जात नाहीत.

म्हणूनच डाउनलोडपेक्षा कॅसेट घ्या. भारतासाठी निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान नाही, खातं दुसऱ्या देशाचं करून गिफ्ट कार्डं घेत बसावं लागतं. कॅसेटला देशाचं बंधन नाही, जपानची असो की अमेरिकेची, चालते (मागे भाषा कोणती लिहिली आहे ते मात्र बघा). खेळून झाली की विकता येते, मित्राशी बदलता येते. आणि धाकटा ती तोंडात घालेल ही भीती असेल तर निर्धास्त रहा, कंपनीने मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. आमच्या धाकट्याने एकदाच चाखली.

ओलेडच घेतलात तर दुकानात एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. त्याच्या काचेवर कारखान्यातच एक पातळ फिल्म लावलेली असते, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. ती काढायची नसते. टेम्पर्ड ग्लास लावणारा मुलगा सवयीने नखाने कोपरा उचलायला जातो, त्याला आधीच थांबवा, ग्लास त्या फिल्मवरच लावायची. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, ट्रान्सफॉर्मर नको, पिन बदलायचा अडॅप्टर पुरतो. फक्त डॉकला मोबाइलचा चार्जर लावू नका, त्याला १५ व्होल्टचा लागतो, सोबत आलेलाच वापरा.

पहिली कॅसेट मारिओ कार्ट ८ डीलक्स. त्यात ‘स्मार्ट स्टिअरिंग’ असतं, गाडी रस्त्याबाहेर जाऊच देत नाही, आणि वेग आपोआप धरण्याची सोयही आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी दोन्ही चालू ठेवा, मुलीचं बंद करा. आमच्याकडे सासूबाईंचंही चालूच असतं. त्या जॉय-कॉनला रिमोट म्हणतात, आणि मागच्या दिवाळीत भाऊबीजेच्या संध्याकाळी जॉय-कॉनची दुसरी जोडी उसनी आणून चौघं खेळत होते तेव्हा त्या दुसऱ्या आल्या.