मोटारहोम आणि वजनकाटा: थांबायचं कोणी?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. जुनी मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली आहे. लांबी ३२ फूट, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरल्या गाडीचं कमाल वजन २२,००० पौंड लिहिलं आहे. यलोस्टोनला जाताना इंटरस्टेट ८० या महामार्गावर कॉर्डिलियाचा वजनकाटा, म्हणजे वाहनांचं वजन तपासायचं ठिकाण, उघडा होता, मी न थांबता पुढे गेलो. सोबत नाशिकचे सासरे होते. 'नाका दिसला की थांबायचं' हा त्यांचा जकातीच्या काळातला नियम, त्यामुळे ते तेव्हापासून अस्वस्थ आहेत. ट्रक चालवणारे आमचे एक शेजारी सांगतात की दहा हजार पौंडांवरच्या प्रत्येक गाडीला थांबावंच लागतं आणि कॅमेऱ्यात माझा नंबर आला असणार. नोटीस येईल का? आमचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे. शिवाय पत्नी साड्या आणि दागिन्यांचा व्यवसाय करते. पोर्टलंडच्या एका कार्यक्रमात तिचा स्टॉल आहे, आणि माल याच मोटारहोममधून न्यायचा विचार आहे. चालेल ना?

उत्तर: कॉर्डिलियाची काळजी सोडा. पोर्टलंडची मात्र करा. तुमच्या पत्रातला सगळ्यात गंभीर भाग तुम्ही शेवटच्या दोन ओळींत, 'चालेल ना' म्हणून उरकला आहे.

आधी झालेल्या गोष्टीबद्दल. काट्यावर थांबायची सक्ती कॅलिफोर्निया व्हेइकल कोडच्या कलम २८१३ मध्ये आहे. पाटी लावलेली असेल तिथे थांबून तपासणी करू देणं हे 'कमर्शियल व्हेइकल'च्या चालकाचं कर्तव्य आहे. न थांबल्यास तो मिसडिमिनर, म्हणजे साध्या दंडाच्या पावतीपेक्षा वरचा, फौजदारी स्वरूपाचा गुन्हा ठरतो. तुमचे शेजारी घाबरवतात ते या अर्थाने उगाच नाही. पण कमर्शियल व्हेइकल कशाला म्हणायचं हे कलम २६० सांगतं: भाड्याने माणसं नेणारी, किंवा मुख्यतः माल नेण्यासाठी बनवलेली वा वापरली जाणारी गाडी. त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात स्पष्ट लिहिलं आहे की पैसे घेऊन माणसं नेत नसलेली 'हाउस कार' कमर्शियल नाही. आणि हाउस कार म्हणजे माणसांनी राहावं म्हणून मुळातच बनवलेली किंवा कायमची बदल करून घेतलेली मोटारगाडी, ही व्याख्या कलम ३६२ मध्ये आहे. तुमची मोटारहोम या व्याख्येत बसते. या व्याख्येत वजनाचा आकडाच नाही, त्यामुळे ती २२,००० पौंडांची असो की १२,००० ची, फरक पडत नाही.

त्यामुळे नोटीस यायचं कारण नाही. कॅमेऱ्यात नंबर आला असला तरी जे कलम तुम्हाला लागूच होत नाही त्याखाली गुन्हा कसा होणार? ग्रीन कार्डच्या अर्जात अटक, आरोप, पोलिसांनी दिलेलं चलन याबद्दल विचारतात. यातलं काहीच घडलेलं नाही, म्हणून या प्रसंगाबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. कृपा करून 'प्रामाणिकपणा म्हणून' स्वतःहून खुलासा जोडू नका. असे खुलासे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नवे प्रश्न सुचतात.

शेजाऱ्यांचा दहा हजारांचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या केंद्रीय मोटार वाहतूक नियमांत, म्हणजे ४९ सीएफआर या नियमसंग्रहाच्या ३९० व्या भागात, कमर्शियल मोटार व्हेइकलची जी व्याख्या आहे ती १०,००१ पौंडांपासून सुरू होते. त्यांचं पोट त्या व्याख्येवर चालतं, म्हणून त्यांना ती पाठ आहे. फक्त तिचा दुसरा अर्धा भाग ते विसरतात: ती गाडी आंतरराज्य व्यापारात, धंद्यासाठी वापरली जात असली पाहिजे. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाला तो नियम पकडत नाही.

काटे बसवले त्यामागचं कारण पाहिलं तर हे पटेल. इंटरस्टेटवर पाच आसांचा (ॲक्सलचा) भरलेला ट्रक ८०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉयमधल्या ओटावाजवळ खास रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, सुमारे सोळापट होते. राज्याला वाचवायचा आहे तो रस्ता, आणि तपासायचे आहेत ते धंदा करणाऱ्यांचे ब्रेक, टायर आणि चालकांचे कामाचे तास. तुमचं स्वयंपाकघर त्यांना बघायचं नाही. गर्दीच्या काट्यावर हौसेने आत शिरलेली मोटारहोम तिथल्या माणसांना अडचणच वाटते.

पण थांबण्यातून सूट म्हणजे वजनातून सूट नाही. एका आसावर २०,००० पौंडांची मर्यादा तुमच्या गाडीलाही आहे. गाडीचं वजन बेकायदा आहे असं मानायला अधिकाऱ्याकडे सबळ कारण असेल तर कलम २८०२ खाली तो कोणत्याही वाहनाला थांबवून वजन करायला लावू शकतो. तिथे 'कमर्शियल' हा शब्द नाही. हायवे पेट्रोलच्या माणसाने हात केला, तर 'आमची हाउस कार आहे' हे वाक्य गाडी थांबवल्यानंतर बोलायचं, चालत्या गाडीतून नाही. जुन्या मोटारहोममध्ये पाण्याची टाकी, जनरेटर आणि मागच्या कपाटांत आपण कोंबलेलं सामान मिळून मागच्या आसावर भार जातो. एकदा सगळं भरून, माणसं बसवून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या खासगी काट्यावर पैसे देऊन प्रत्येक आसाचं वजन करून घ्या. हे कायद्यासाठी कमी आणि टायरसाठी जास्त सांगते आहे.

कॅलिफोर्नियाबाहेर गेल्यावर व्याख्या बदलतात, आणि इथेच लोक फसतात. उदाहरणार्थ पेनसिल्व्हेनियाच्या वाहन कायद्यातलं कलम ४९८१ पोलिसांना कोणतंही वाहन थांबवून मोजायचा आणि वजन करायचा अधिकार देतं. म्हणून पाटीची भाषा वाचा. 'ट्रक' किंवा 'कमर्शियल' असेल तर तुम्ही पुढे जाऊ शकता. नुसतं 'अमुक पौंडांवरची सर्व वाहनं' असं असेल आणि तुमच्या स्टिकरवरचा आकडा त्याहून मोठा असेल, तर आत जा. दोन मिनिटांत हात हलवून सोडतील. भाड्याचा सामान हलवायचा ट्रक मात्र या चर्चेतच नाही. तो माल नेण्यासाठीच बनवलेला आहे, आत तुमचा सोफा आणि देवघर असलं तरी. पाटीने ट्रकांना बोलावलं की त्याने थांबायचं.

आता पोर्टलंड.

कॅलिफोर्नियाच्या व्याख्येपुरतं पाहिलं तर आत माल ठेवला तरी हाउस कार ही हाउस कारच राहते. पण तुम्ही इंटरस्टेट ५ ने ऑरेगनमध्ये शिरणार, तेही विक्रीचा माल घेऊन. हा आंतरराज्य व्यापार झाला, आणि गाडी १०,००० पौंडांच्या वर आहे. केंद्रीय व्याख्येचे दोन्ही अर्धे भाग जुळले. मग गाडीवर यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्रीय परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक, हवा, तुमच्याकडे ठरावीक डॉक्टरने दिलेलं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र हवं, वार्षिक तपासणीचा कागद हवा, गाडी चालवण्याच्या तासांचे नियम लागू. यातलं तुमच्याकडे काहीही नाही. सीमेपलीकडे ॲशलंडला ऑरेगनचं मोठं तपासणी केंद्र आहे, आणि तिथे गाडीच्या मागच्या भागात किंमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या पैठण्यांचे खोके दिसले तर 'फिरायला निघालोय' हे कोण मानेल?

तुम्ही म्हणाल, वर्षातून एकदाच. केंद्रीय नियमांत 'अधूनमधून'च्या वाहतुकीला सूट आहे खरी, पण ती व्यक्तीच्या खासगी वस्तूंना, मोबदला नसताना आणि कोणत्याही व्यावसायिक कामाला हातभार लागत नसताना. स्टॉलचा माल या तिसऱ्या अटीवर अडतो. हौस आणि धंदा यांतली रेघ कुठे, याचं उत्तर केंद्रीय मोटार कॅरिअर प्रशासनाने शर्यतीच्या गाड्या आणि घोडे नेणाऱ्यांच्या संदर्भात दिलं आहे. बक्षिसाची रक्कम साधं उत्पन्न म्हणून दाखवली, त्या छंदाचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा केला नाही, आणि कंपनीचं प्रायोजकत्व नसेल तर ती हौस. म्हणून मी तुम्हाला उलट प्रश्न विचारते: पत्नीच्या व्यवसायाच्या विवरणपत्रात या मोटारहोमचं पेट्रोल, दुरुस्ती, घसारा यांतलं काही वजा केलंय का? केलं असेल, तर गाडी धंद्याची आहे हे तुम्ही सरकारला स्वतःच्या सहीने लिहून दिलं आहे. कर भरताना धंद्याची आणि काट्यावर सहलीची, अशी एकच गाडी दोन तोंडांनी बोलू शकत नाही.

एक मुद्दा आणखी. जागा व्हावी म्हणून आतले पलंग आणि ओटा काढून टाकायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच थांबवा. राहण्याची सोय गेली की हाउस कार ही व्याख्याही गेली, आणि मग कॉर्डिलियाच्या काट्यावरही तुमची सूट उरत नाही.

माझा सल्ला साधा आहे. माल कुरिअरने आयोजकांच्या पत्त्यावर पाठवा, किंवा घरच्या मिनीव्हॅनमधून न्या. तिचं कमाल वजन १०,००० पौंडांच्या बरंच खाली असतं. मागे ट्रेलर जोडणार असाल तर दोघांचं मिळून वजन धरतात, हे लक्षात ठेवा. मोटारहोम घेऊन जायचीच असेल तर रिकाम्या हाताने जा, म्हणजे सहल करा. पत्नीच्या नेसत्या साड्यांना कोणी माल म्हणणार नाही.

परतीच्या वाटेवर मात्र सासऱ्यांचा नियम शंभर टक्के खरा ठरतो. इंटरस्टेट ५ वर हॉर्नब्रुकला कॅलिफोर्नियाचं शेती तपासणी केंद्र आहे. राज्याच्या सीमेवर अशी १६ आहेत, आणि यलोस्टोनहून येताना ट्रकीला तुम्ही एक ओलांडलंच असेल. इथे हाउस कार, मोटार, ट्रक असा भेद नाही, प्रत्येक वाहनाने थांबायचं. चुकवून जाणं बेकायदा आहे. फळं, रोपं, जळाऊ लाकूड विचारतात. मोटारहोमवाल्या मराठी घरांना माझी खास सूचना कढीपत्त्याबद्दल आहे. संत्र्या-लिंबांच्या बागा मारणाऱ्या रोगाचा वाहक कीटक कढीपत्त्याच्या झाडावरही जगतो. हा रोग कॅलिफोर्नियात पहिल्यांदा २०१२ मध्ये, लॉस एंजेलिसजवळच्या हॅसिएंडा हाइट्समध्ये, एका घराच्या अंगणातल्या झाडावर सापडला. तेव्हापासून तपासणी केंद्रावरची मंडळी कढीपत्ता नीट ओळखतात. मैत्रिणीने प्रेमाने दिलेली कुंडी सिंकजवळ ठेवून आणू नका. तोडलेली पानं असतील तर विचारण्याआधी सांगा. सांगितलं तर फार तर काढून घेतील. लपवलं तर प्रकरण वेगळं होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांकडूनही हाच प्रश्न येतो, कारण आता तिथेही कॅराव्हॅन दिसू लागल्या आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११४ मधला वजन करायला लावण्याचा अधिकार 'मालवाहू वाहन किंवा ट्रेलर' यांच्यापुरता आहे. स्वतःच्या इंजिनावर चालणारी खासगी कॅम्पर व्हॅन त्यात बसत नाही, पण मोटारीमागे ओढायची कॅराव्हॅन 'ट्रेलर' या शब्दात अडकू शकते. अधिकाऱ्याने सांगूनही वजनाला नकार दिला तर कलम १९४ खाली दंड ४०,००० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा हा आकडा ऐकून बरेच वाद रस्त्यावरच मिटतात.

तुमच्या वाहन परवान्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: ४० फुटांपर्यंतची हाउस कार कॅलिफोर्नियाच्या साध्या क्लास सी परवान्यावर चालते, त्यामुळे ३२ फुटांना अडचण नाही.

विम्याकडे मात्र या आठवड्यातच बघा. घरगुती मोटारहोमच्या पॉलिसीत धंद्याच्या वापरातले अपघात बहुधा वगळलेले असतात. तसा वापर आधी कधी झाला असेल, जवळच्या गावच्या एखाद्या स्टॉलसाठी का होईना, तर पॉलिसीचं 'वगळलेल्या बाबी' हे पान काढून वाचा. एजंटला फोनवर न विचारता ईमेलने विचारा, आणि त्याचं लेखी उत्तर गाडीच्या नोंदणीच्या कागदांबरोबर ठेवा. पत्नीच्या व्यवसायाचं गेल्या वर्षीचं विवरणपत्र मला पाठवलंत, तर गाडीचा खर्च त्यात शिरला आहे का आणि असल्यास ते दुरुस्त कसं करायचं, हे तुमच्या सीपीएशी, म्हणजे हिशेबनीसाशी, बोलून ठरवता येईल.